शिवायला दिलेली पुस्तकं

आमच्या घरात पुस्तकं पोत्यातून यायची. गोणपाटाच्या पोत्यात भरून, सुतळीने तोंड बांधून, बंगळूरच्या बसवनगुडीहून आमच्या कॉटनपेठेपर्यंत जटक्यातून, म्हणजे इकडच्या टांग्यातून. अप्पा, म्हणजे माझे वडील, ते पोतं खांद्यावरून उतरवून मशीनशेजारी टेकवत आणि म्हणत, "आला बगा माल." शाळेच्या चड्ड्यांचं कापड आलं तरी माल आणि पुस्तकं आली तरी मालच. यात अप्पांचं काही चुकत होतं असं मला वाटत नाही. ज्यांनी ती पुस्तकं पाठवली त्यांचाही समज तोच होता. पुस्तकं आमच्याकडे अंगात कापडी कव्हराचं झबलं घालून घ्यायला यायची. आमच्याशी बोलावं म्हणून त्यांना कुणी पाठवत नव्हतं.

घर म्हणजे पुढे एक खोली, मागे एक, आणि न्हाणीला लागून चूल. पुढच्या खोलीत दोन मशीनं. एकावर अप्पा, दुसऱ्यावर माझी मोठी बहीण, अक्का. आई आणि मी खाली चटईवर, काजं करायला आणि बटणं लावायला. सकाळी गिरणीचा भोंगा झाला की मशीनं सुरू व्हायची ती दिवेलागणीपर्यंत. अप्पांचं मशीन जुनं, दगडांवरून बैलगाडी जावी तसं खडखडणारं. अक्काचं मात्र एकसारखं चालायचं, मध्ये अडकायचं नाही. दुपारी रागीचे मुद्दे, म्हणजे नाचणीचे उकडलेले गोळे, वर आंबट वरणासारखी पातळ हुळी, आणि थंडीत अवऱ्याच्या, इकडच्या पावट्याच्या, दाण्यांचं सार. त्या शेंगा सोलल्या की बोटांना त्यांचा उग्र वास लागायचा आणि कितीही हात धुतले तरी तो काजाच्या दोऱ्यात उतरायचा. मोठ्या शाळांतल्या मुलांच्या चड्ड्या त्या दिवसांत आमच्या जेवणाच्या वासाच्या असत, हे आठवलं की मला अजून बरं वाटतं.

आमचे लोक फार पूर्वी, राजांच्या फौजेबरोबर इकडे आले म्हणतात. समाजातला प्रत्येक पुरुष ही गोष्ट अशी सांगायचा की जणू घोड्यावर तोच होता. फौजेला कपडे शिवायला कुणीतरी लागतं, तसे मागून चालत आलो असू, एवढं साधं कुणी म्हणायचं नाही. मराठीचा अभिमान सगळ्यांना, आणि मराठी म्हणजे घरात बोलायची ती, अर्धी कानडीत भिजलेली. गल्लीच्या टोकाला समाजाची मराठी शाळा होती, तीही चौथीपर्यंत. चौथीनंतर शिकायचं ते कानडीत, आणि माझ्यापुढे तर काजं होती. पण चौथीपर्यंत मला एक चटक लागून गेली होती. छापलेलं दिसलं की डोळे तिकडे जात. वाण्याच्या पुडीचा कागद मी उलगडून, सपाट करून वाचायची. पुडीवरची गोष्ट नेहमी मधेच सुरू व्हायची आणि मधेच संपायची. गोष्टी तशाच असतात असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

अक्का शाळेत गेलीच नव्हती. ती माझ्याहून बरीच मोठी. लग्न करून हेब्बाळला दिली होती, तळ्यापलीकडे. तेव्हा तिकडे शेतं होती आणि चारदोन रंगाऱ्यांची घरं. आता तिथे काचेच्या इमारती आहेत, माझ्या चुलतबहिणीची नात त्यांतल्याच एकीत कामाला जाते. अक्काचा नवरा रंगाऱ्याचं काम करायचा, म्हणजे त्याचा बाप आणि भाऊ करायचे आणि हा तळ्याकाठी पत्ते खेळायचा. अक्का उलट बोलते, या कारणावरून त्याने तिला एका सकाळी ट्रंकेसह आमच्या दारात आणून सोडलं आणि आत पाणी प्यायलाही आला नाही. अक्का दोन दिवस रडली. तिसऱ्या दिवशी तिने दुसऱ्या मशीनवरचं फडकं काढलं, तेल घातलं आणि बसली. लोक विचारायचे, "कधी जाणार?" आई सांगायची, "बोलावणं येऊ दे की." दोन वर्षं बोलावणं आलं नाही.

आता वाचनालयाचं सांगते. त्या सुमारास बंगळूरला सरकारी कारखाने निघाले होते आणि पुण्या-मुंबईकडची बरीच कुटुंबं नोकरीसाठी येऊन राहिली होती. त्यांनी मंडळ काढलं आणि बसवनगुडीत एका बंगल्याच्या पुढच्या भागात वाचनालय उघडलं. दारावर मोठी पाटी लावली: 'सर्व मराठी बंधुभगिनींचे स्वागत'. या सर्वांमध्ये कोण कोण, ते पाटीवर लिहिलेलं नव्हतं, पण दारात उभं राहिलं की कळायचं. सभासद व्हायला दोन सभासदांची शिफारस लागायची. सभासद सगळे एकमेकांच्या क्वार्टरांत राहणारे. आमच्यासारख्यांची शिफारस करायला त्यांना आधी आमची ओळख व्हायला हवी, आणि ओळख व्हायला आम्ही सभासद असायला हवं. विहिरीत उतरायला दोर हवा आणि दोर विहिरीत, तशातली गत. हा नियम कुणी दुष्टपणाने केला असेल असं मी म्हणत नाही. दुष्टपणाला थोडा विचार करावा लागतो.

वाचनालयाचा सगळा कारभार लिमयेबाई बघत. गोऱ्या, उंच, चष्म्याला सोनेरी दांडी. नवरा कारखान्यात मोठा इंजिनियर. त्या बोलताना समोरच्याच्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे बघत, जणू खरा श्रोता तिथे उभा आहे. पुस्तकं लांबून, पैसे घालून आणवलेली. त्यांना इथे कसर लागू लागली. खळीने चिकटवलेले कागदी पुठ्ठे घातले तर खळीवर कसर जास्तच धावते. म्हणून ठरलं, की खाकी कापडाची कव्हरं घालायची, उशीच्या अभ्र्यासारखी दोन्हीकडून खिसे असलेली, आतून टाके घालून. प्रत्येक पुस्तकाची लांबीरुंदी, जाडी निराळी, तेव्हा पुस्तक शिंप्याच्या घरी जाणं भाग होतं. अशा रीतीने ज्या पुस्तकांच्या खोलीत आम्ही पाऊल टाकू शकत नव्हतो, ती पुस्तकं स्वतः जटक्यात बसून आमच्याकडे आली.

पहिलं पोतं पोचवायला अप्पा गेले तेव्हा मी बरोबर होते. अप्पांनी हात जोडून विचारलं, "आमची रुक्मी वाचती स्वल्प. तिला एखादं पुस्तक मिळंल का, अम्मा?"

लिमयेबाईंनी भिंतीला विचारलं, "किती शिकली आहे?"

"चौथी पास, बगा."

"मग तिच्यासाठी बालविभाग आहे ना आमच्याकडे." मग त्यांना आठवलं. "पण तो सभासदांच्या मुलांसाठी आहे. बघू हं. तुम्ही लोक काय गोड बोलता हो मराठी! आमच्याकडे पाहुणे आले की मी नेहमी सांगते त्यांना."

अप्पा खूश होऊन घरी आले. मराठी गोड आहे म्हणाल्या, असं त्यांनी गल्लीभर सांगितलं. मला तेव्हाच कळलं होतं, की पोपटाचं कौतुकही लोक याच आवाजात करतात. पण मी बोलले नाही. मी कधीच बोलत नसे. अनोळखी माणसासमोर माझी जीभ टाळूला चिकटायची, आणि अजूनही चिकटते. म्हणून तर हे लिहून ठेवते आहे.

पोतं घरी आलं की पहिला दिवस मापं घेण्याचा. दुसऱ्या दिवशी दुपारपासून आम्ही वाचन सुरू करायचो. मी भिंतीला टेकून मोठ्याने वाचायची, माझ्या वाटणीची काजं आई करायची. अप्पा आपलं मशीन त्या वेळेपुरतं थांबवून हातशिलाईचं काम काढायचे, कारण त्या खडखडाटात काही ऐकू येत नसे. अक्काचं मशीन चालू राहिलं तरी चालायचं, पण गोष्टीत काही वाईट होणार असलं की तिचा पाय आपोआप थांबायचा. शेजारची नंजम्मा अवऱ्याच्या शेंगा सुपात घेऊन सोलायला उंबऱ्यात बसायची. तिला मराठी निम्मी कळायची, उरलेली मी कानडीत सांगायची. कधी तिची सून यायची, कधी समोरच्या बिडीवाल्याची आई. कुणाची शिफारस लागत नव्हती. पोत्यातलं पुस्तक संपेपर्यंत त्याच्या कव्हरात काही ना काही उणं राहायचं, आणि शेवटचं पान झालं की कव्हरही तयार व्हायचं. लिमयेबाई अप्पांना म्हणत, "काम छान आहे हो तुमचं, पण फार सावकाश."

माझ्या चुलतबहिणीची नात परवा सांगत होती, की तिच्या ऑफिसात वाचनालयांवर व्याख्यान झालं. समाजातल्या सगळ्या थरांना सामावून घेणं, असा काहीतरी विषय होता. व्याख्यात्याने पडद्यावर चित्रं दाखवली म्हणे. मी विचारलं, "पुस्तकं दाखवली का?" ती म्हणाली, "आजी, तुला ना, कशाचं कौतुकच नाही." खरं आहे. सामावून घेणाऱ्यांचा मला फार जवळून अनुभव आहे.

एका पोत्यात एक जाड कादंबरी आली. निळा पुठ्ठा, पहिला भाग. गोष्ट विमल नावाच्या बाईची. तिचा नवरा तिला टाकून देतो, का तर ती त्याला तोंडावर खरं सांगते. ती भावाच्या घरी येते. भावजय तिला पाणी भरायला लावते. पण विमल खमकी. ती हळूहळू शेजारच्या मुलींना शिकवू लागते, चार पैसे मिळवते, आणि तिच्या चेहऱ्यावर पुन्हा तेज येतं. हे सगळं ऐकताना अक्काचं मशीन जवळजवळ बंदच होतं. ती म्हणाली, "आमच्या गल्लीतलं कोण की लिवलंय हे." आई म्हणाली, "गप, तुज्यासारख्या हजार असतील." शेवटच्या पानावर विमलच्या दारात टांगा येऊन उभा राहतो. नवऱ्याचं बोलावणं आलेलं असतं. ती कडीला हात घालून उभी राहते, आणि तिथेच छापलेलं: पहिला भाग समाप्त.

नंजम्मा म्हणाली, "अय्यो!" अक्काने पुस्तक माझ्या हातून घेतलं, मागून पुढून उलटून बघितलं, जणू उरलेली गोष्ट पुठ्ठ्यात कुठे अडकली असेल.

आणि त्याच आठवड्यात हेब्बाळहून अक्काचा धाकटा दीर आला. दोन वर्षांत पहिल्यांदा. केळ्यांचा घड घेऊन आला होता, तोही निम्मा काळा पडलेला. त्याची आई, म्हणजे अक्काची सासू, अर्धांगवायूने अंथरुणाला खिळली होती. तिला उठवायला, बसवायला, धुवायला माणूस हवं होतं. तेव्हा त्या घराला सून आठवली. हे त्याने असं सांगितलं नाही. तो म्हणाला, "दादाला पस्तावा झालाय. वैनी, झालं गेलं सोडा. हा सोडून पुढच्या आयतवारी मी जटका घेऊन येतो."

अप्पांनी मान हलवली. आईच्या डोळ्यांत पाणी आलं, बोलावणं आलं म्हणून. समाजातले दोन म्हातारे, जे दोन वर्षांत एकदाही फिरकले नव्हते, ते संध्याकाळी येऊन बसले आणि म्हणाले, मुलीचं घर सासर. अक्का सगळं ऐकत शिवत होती. मग म्हणाली, "सरी, बरंय. पण त्या विमलचं काय होतंय ते कळू दे. मग सांगते."

म्हातारे हसले. आईही हसली. मी हसले नाही, कारण मला अक्काचा आवाज ठाऊक होता. तिला कुणी विचारायला नव्हतं. आई म्हणणार जा, अप्पा म्हणणार तुझी मर्जी आणि बघणार आईकडे. तिच्यासारखं जिच्यावर आलं अशी एकच बाई तिच्या ओळखीची होती, आणि ती दुसऱ्या भागात होती.

दुसऱ्या दिवशी आईने केलं ते आमच्या आईनेच करावं. आईला अक्षर येत नव्हतं आणि लपवणंही येत नव्हतं. तयार पुस्तकं पोचवायला अप्पांबरोबर मी जायची, तर आई म्हणाली, मी पण येते. हिरवं लुगडं नेसली, नंजम्माकडून शेवंतीची वेणी आणली. आणि वाचनालयात लिमयेबाई कव्हरांचे टाके तपासत असताना तिने सरळ विचारलं, "अम्मा, त्या विमलचा दुसरा भाग शिवायला कदी देताव?"

लिमयेबाईंनी मान वर केली. पहिल्यांदाच त्या आमच्यापैकी कुणाच्या तोंडाकडे बघत होत्या. "कुठली विमल?"

"अवो, ती टाकलेली! दारात टांगा आलाय की. आमच्या घरात कोणाला जेवण गोड लागंना."

"म्हणजे तुम्ही ही पुस्तकं वाचता?"

"मी कुठली वाचती!" आई हसली. तिला वाटलं आपली स्तुती चालली आहे. "आमची रुक्मी वाचती, आमी सगळे ऐकतो. नंजम्मा येती, बिडीवाल्याची अम्मा येती. नंजम्मा तर म्हणती, तुमचं वाचनालय लई चांगलं."

बाकावर वर्तमानपत्र वाचत बसलेल्या एका गृहस्थांनी ते खाली केलं. लिमयेबाईंचा चेहरा लाल झाला. त्यांनी हातातलं पुस्तक उघडलं, पानं फाकवून बघितली, हुंगलं. "अहो मास्तर," त्या अप्पांना म्हणाल्या, "ही पुस्तकं तुम्हाला शिवायला दिली होती. वाचायला नव्हती दिली."

हे वाक्य मी मनाशी किती वेळा उच्चारलं असेल. त्यांच्या त्या साऱ्या कपाटांत याच्या तोडीचं एकही वाक्य नव्हतं. एवढं खरं, एवढं थोडक्यात, कोणत्या लेखकाला लिहिता आलं असतं?

अप्पा खाली बघून म्हणाले, "चूक झाली, अम्मा." आई अजून हसतच होती, फक्त ते हसू कुठे ठेवावं ते तिला कळत नव्हतं. त्यानंतर पोतं आलं नाही. कव्हरं शिवायची कामं लिमयेबाईंच्या मोलकरणीच्या नवऱ्याकडे गेली. आता आम्हाला कादंबरीचा दुसरा भागही नाही आणि कामही नाही, आणि आयतवार जवळ येत होता.

मंडळाचा वर्धापनदिन नेमका त्याच आठवड्यात होता. बाहेरगावचा पाहुणा बोलावला होता आणि मांडव मोठा घातला होता. सभासद तेवढे नव्हते, म्हणून आमच्या गल्लीत निरोप आला, की स्थानिक मराठी बांधवांनी अगत्याने यावं. अप्पा म्हणाले, नको. मी म्हणाले, जाऊ या. माझा आवाज ऐकून अप्पाच दचकले.

पाहुणे तासभर बोलले. वाचनालय हे समाजातल्या शेवटच्या माणसाचं घर आहे, असं ते म्हणाले, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही शेवटच्या रांगेत बसलो होतो, तेव्हा शेवटची माणसं आम्हीच असणार. पण मागे वळून कुणी बघितलं नाही. मग पेढे वाटले. पाहुण्यांभोवती बायका जमल्या होत्या आणि मधोमध लिमयेबाई. मी अप्पांचा हात सोडून तिकडे गेले. कशी गेले ते मला सांगता येणार नाही. हातातला पेढा विरघळत होता. मी म्हणाले, "विमलचा दुसरा भाग पाहिजे." एवढंच. नमस्कार नाही, काही नाही.

लिमयेबाईंनी ऐकू न आल्यासारखं केलं. पण पाहुणे खाली वाकले. "काय म्हणते मुलगी?"

"काही नाही," लिमयेबाई हसल्या, "आपल्या शिंप्याची मुलगी आहे."

"पुस्तक पाहिजे," मी पुन्हा म्हणाले. तेवढेच दोन शब्द जिभेवर तयार होते.

"वा! पुस्तक मागते! बघा, मी आत्ता हेच सांगत होतो!" पाहुणे आजूबाजूला बघून म्हणाले, जणू मला त्यांनीच घडवून आणलं होतं. आता लिमयेबाईंचा इलाज नव्हता. चारचौघांत त्यांनी माझ्या केसांवरून हात फिरवला. तो नंतर पदराला पुसलेला मी पाहिला. "मंगळवारी दुपारी ये हं. तेव्हा भगिनी विभाग असतो. इथे बसून वाच. घरी मात्र नाही न्यायचं." लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. एका मुलीला एका दुपारी एक पुस्तक बघायला मिळणार, एवढ्यावर अख्खा मांडव सुखावला होता.

भगिनी विभाग म्हणजे आत टेबलाभोवती सहासात बायका. कुणी स्वेटर विणत होती, कुणी नोकरांच्या चोऱ्या सांगत होती. पुस्तकं टेबलावर होती, बशीखाली ठेवायला. मला बाहेर, चपला काढायच्या जागेशेजारचा बाक दाखवला. "तिथे उजेड छान आहे," लिमयेबाई म्हणाल्या. खाकी कव्हरातला दुसरा भाग हातात आला. टाके वाकडे, खिसा एका बाजूला ओढलेला. मी ते बघून घेतलं आणि वाचायला सुरुवात केली.

तेवढ्या वेळात सगळं वाचणं शक्यच नव्हतं. मी चांदण्याची वर्णनं गाळली, नदीकाठ गाळला, पत्रं अर्धी वाचली. विमल टांग्यात बसली हे पहिल्या पानावरच कळलं, पण मला वाटलं, पुढे काहीतरी होईल. पुढे झालं ते असं. ती सासरी गेली. सासू आजारी होती, तिची सेवा केली. नवरा घरी यायचा नाही, तरी त्याच्या ताटाशी उपाशी बसली. शिकवण्याचं नाव पुन्हा निघालं नाही. तिला खोकला लागला. शेवटून दुसऱ्या पानावर नवऱ्याचे डोळे उघडले, आणि शेवटच्या पानावर त्याच्या मांडीवर डोकं ठेवून, मळवट भरून, विमल मेली. तिच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं होतं, असं लिहिलं होतं. मला वाटलं, मधली पानं गाळली म्हणून माझी चूक होते आहे. मी परत मागे जाऊन बघितलं. चूक नव्हती.

लिमयेबाई चपला घालायला बाहेर आल्या. "संपलं? रडू आलं ना?" त्यांचे स्वतःचे डोळे नुसत्या आठवणीने पाणावले होते. "आमच्याकडची एकही बाई हे पुस्तक कोरड्या डोळ्यांनी परत करत नाही. किती सोसलं हो तिने! तुमच्यातल्या मुलींनी तर हे वाचायलाच हवं."

मी "होय" म्हणाले. याच त्या बाई, ज्यांनी हे पुस्तक आमच्यापासून जपलं होतं. तेव्हा मला त्यांचा राग येण्यासारखं काही उरलंच नाही. एवढ्या कड्याकुलपांच्या आत त्यांनी काय ठेवलं होतं, ते मी बघून आले होते.

आता मी मोठ्या सरकारी वाचनालयात जाते. तिथे कुणीही येऊन बसतं, भाजीवालेही, नोकरी शोधणारी पोरंही, आणि उन्हाळ्यात पंख्याखाली झोपायला येणारे म्हातारेही. मला कुणी नाव विचारत नाही, की माझी मराठी गोड आहे म्हणत नाही. सामावून घेतलेलं मला तिथे अजिबात जाणवत नाही, म्हणून मी जाते.

त्या मंगळवारी घरी पोचले तेव्हा सगळ्या वाट बघत होत्या. आई, नंजम्मा, तिची सून. अक्का मशीनवरच होती, पण सुईखाली कापड नव्हतं. वाटेत मी ठरवत आले होते, की काहीतरी दुसरं सांगू. पण बनवून सांगायला लागते ती जीभ माझ्याकडे नव्हती. मी जे वाचलं ते सांगितलं, सासूच्या सेवेपासून मळवटापर्यंत. नंजम्माला कानडीत सांगितलं. ती पदराने डोळे पुसू लागली.

अक्काने विचारलं, "मेली?"

"हो."

"त्याच्या मांडीवर?"

"हो."

"आणि ती शिकवत होती, त्या पोरी? त्या काय झाल्या?"

"त्यांचं काही लिवलं नाही."

अक्काने थोडा विचार केला. "हे बाईनं लिवलंय की बाप्यानं?"

"बाप्यानं."

"हं," अक्का म्हणाली. "त्याला काय, लिवून झालं की उठला असंल जेवायला." आणि तिने चड्डीचं कापड सुईखाली घातलं.

आयतवारी दीर जटका घेऊन आला. या खेपेला केळीही नव्हती. समाजातले ते दोन म्हातारे आधीच येऊन बसले होते. आईने अक्काची ट्रंक पुसून पुढच्या खोलीत ठेवली होती. दीर म्हणाला, "चला वैनी, ऊन व्हायच्या आत पोचू. आई सारखी दाराकडं बगती."

अक्काने मशीनच्या पायपट्टीवरून पाय काढला नाही. मशीन चालूच. "सासूबाईंना बाई ठेवा उठवाबसवायला. चांगली बाई बगा. पैशे नसले तर तुमच्या दादाचे पत्ते विका. मी येत नाही."

"अवो, काय बोलताव! सोन्यासारकं घर हाय. दादा सुदारलाय."

"सुदारू दे. मी मरायला येत नाही."

दीर आमच्या सगळ्यांकडे बघू लागला. "मरायला कोण बोलावलंय?"

"बोलावताना कोणी तसं म्हणत नाही," अक्का म्हणाली.

म्हातारे खाकरले. एक म्हणाला, "पुस्तकं वाचून पोरी बिगडतात, मी म्हणत होतो." अप्पांनी, ज्यांनी लिमयेबाईंसमोर मान खाली घातली होती, त्या आमच्या अप्पांनी आपल्या मशीनचं चाक हाताने फिरवलं आणि पाय मारायला सुरुवात केली. त्या खडखडाटात पुढचं कुणाचं काही ऐकू आलं नाही. म्हाताऱ्यांची तोंडं मात्र बराच वेळ हलत होती.

जटका रिकामा गेला. दीर जाण्याआधी आमच्याकडची कॉफी पिऊन गेला, शिवाय वाटीतला चिवडाही संपवून.